मूठसाहेबांच्या चार नापास फ्रेमा

"पकडच नाही हिला. नुसती गुळगुळीत. हिला पास केलं तरी कोणी?"

बाथरूमच्या दाराआडून ही कुरकुर ऐकू आली तेव्हा वहिनी बाहेर टॉवेल घेऊन उभ्या होत्या. मध्ये फक्त एक दार. त्याआधी एकदा टक् असा आवाज झाला होता, कुरकुरीनंतर पुन्हा एकदा टक् झाला, आणि मग काहीतरी लहानसं फरशीवरून घरंगळत जाळीपर्यंत गेलं. वहिनींनी मनातल्या मनात पाचपर्यंत आकडे मोजले आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "चहा टाकलाय हो."

"काडी तुटली," आतून उत्तर आलं. "बिजागरीपाशी. म्हणजे बघ, माल कसा असेल!"

वहिनींनी "हो ना" म्हटलं. गेले सहा महिने त्या "हो ना" म्हणत होत्या.

आता हे "हो ना" का, ते सांगायचं तर आधी वहिनींचे यजमान मूठसाहेब सांगायला हवेत. मूठसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते चौतीस वर्षं मुठींच्या कारखान्यात तपासनीस होते. किटलीची मूठ, तव्याची मूठ, झाकणाची, इस्त्रीची, सुटकेसची. जगात ज्याला ज्याला म्हणून धरायचं असतं, त्याची धरायची जागा त्या कारखान्यात होत असे आणि साहेबांच्या हाताखालून बाहेर पडत असे. हाताखालून हे शब्दशः खरं. कारखान्यात वजनं टांगायचं यंत्र होतं, उकळत्या पाण्याची टाकी होती, सगळं होतं. पण शेवटची तपासणी साहेब स्वतःच्या उजव्या हाताने करत. एकदा कोरड्या, एकदा ओल्या आणि एकदा तेल लावलेल्या. मूठ धरायची, डोळे मिटायचे, आणि मग म्हणायचं, पास. किंवा नापास.

"यंत्राला वजन कळतं," ते म्हणायचे, "पण भीती हाताला कळते. गरम किटली उचलताना बाईच्या मनात जी धाकधूक होते ना, ती मुठीने काढून घ्यायची असते."

असं बोलणाऱ्या माणसाशी संसार करताना बाईमाणसाचं काय होतं? वहिनींचं जे झालं तेच होतं. त्या चौतीस वर्षं त्यांच्यावर चिडल्या आणि चौतीस वर्षं त्यांच्यावर भाळल्या, बऱ्याचदा एकाच दिवशी. पाहुणा छत्री ठेवून आत आला की साहेब आधी छत्रीची मूठ हलवून बघत. लेकीच्या लग्नात आहेर म्हणून आलेल्या कढईला सगळ्यांदेखत नापास ठरवून त्यांनी ती आहेर देणाऱ्याच्या हातात परत दिली होती, वर "दुकानदाराला माझं नाव सांगा" असा दिलासाही दिला होता. त्या नातेवाइकांशी अजून बोलणं नाही. पण कारखान्याच्या मालकाच्या सख्ख्या मेहुण्याने कच्चा माल पाठवला आणि मालकाने "जाऊ दे या खेपेला" म्हटलं, तेव्हा साहेबांनी 'पास'चा शिक्का मालकाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मग तुम्हीच मारा." मालकाने शिक्का उचलला, बराच वेळ हातात फिरवला आणि परत दिला. माल परत गेला. ही गोष्ट साहेबांनी घरी सांगितली नाही. कारखान्यातल्या शिपायाने सांगितली. वहिनींनी त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं, आणि ती भाजी साहेबांनी निमूट खाल्ली.

तर असा तो उजवा हात सहा महिन्यांपूर्वी थरथरायला लागला.

फार नाही. पानाला वाऱ्याची झुळूक लागावी इतकाच. वहिनींना ती थरथर पहिल्यांदा चहात दिसली. खोलीत पंखा बंद होता आणि कपातल्या चहावर बारीक बारीक लाटा उठत होत्या. साहेब वर्तमानपत्र वाचत होते. त्यांना काही दिसलं नाही, किंवा दिसलं असेल तर त्यांनी त्याची नोंद घेतली नाही. वहिनी दुसऱ्याच दिवशी भाजी आणायच्या निमित्ताने डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. बऱ्याच कारणांनी होतं, औषधाने आवरतं. पण बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. लवकर घेऊन या, जितकं लवकर तितकं बरं."

घेऊन या! डॉक्टरांना काय जातंय सांगायला. घेऊन यायचं तर आधी सांगायला हवं, आणि सांगायचं कसं? गवयाला जाऊन म्हणायचं का, की तुमचा आवाज फाटलाय, चला, दाखवून येऊ? त्यापेक्षा वहिनींनी दुसरं केलं. चहा अर्धा कप ओतायला लागल्या, दोनदा. बशा माळ्यावर गेल्या, बुडाशी जड असे मग आले. साहेबांच्या खुर्चीखाली, पलंगाशेजारी आणि आरशासमोर जाड गालिचे पडले. "एकदम गालिचे?" साहेबांनी विचारलं. "गुडघे दुखतात माझे," वहिनी म्हणाल्या. तेव्हापासून घरात लंगडायचं लक्षात ठेवणं हे एक नवीन काम त्यांच्यामागे लागलं.

आणि इमारत. ही इमारत म्हणजे जिन्याला कोणता रंग द्यायचा यावर सहा वर्षं एकमत न झालेली इमारत. जिना अजून अर्धा पिवळा, अर्धा सिमेंटी आहे. पण साहेबांच्या हाताबाबत मात्र एकही बैठक न होता, एकही ठराव न होता सगळ्यांचं एकमत झालं: बोलायचं नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त ग्रंथपालकाका बुद्धिबळ खेळायला यायचे, ते साहेबांचा हात लागून चार सोंगट्या आडव्या झाल्या की "अरे, माझं कोपर लागलं वाटतं" म्हणून स्वतः उचलायचे. त्यांचं कोपर त्या वेळी हातभर लांब असायचं. समोरच्या शिकवणीबाई जिन्यात साहेब किल्लीचं भोक शोधत असले की आपल्या दारातून ओरडायच्या, "कुलूपच खराब आहेत हो या इमारतीतली!" आपल्या वाट्याला असे शेजारी आले हे बघून वहिनींना कधी कधी रडू यायचं. मग त्या आठवणीने लंगडायच्या.

अशा परिस्थितीत साहेबांच्या चष्म्याची काडी तुटली.

चष्मा गल्लीच्या तोंडावरच्या चष्मेवाल्याकडचा. त्याचं दुकान एवढंसं की दोन गिऱ्हाइकं आली तर तिसऱ्याला आरशात उभं राहावं लागावं. फ्रेमेवर कंपनीची एक वर्षाची हमी होती. हमीचा एक अर्ज होता आणि अर्जात एक रकाना: 'बिघाडाचे कारण'. त्याखाली तीन चौकोन. (अ) साहित्यातील दोष, (ब) जोडणीतील दोष, (क) वापरणाऱ्याकडून. साहेबांनी चष्मेवाल्याच्या काउंटरवर अर्ज ठेवला, पेन काढलं आणि तिन्ही चौकोनांवरून सावकाश नजर फिरवली. 'क'पाशी नजर आली तेव्हा वहिनींनी श्वास रोखला. चष्मेवाल्यानेही रोखला. त्याला माहीत होतं. चष्मा बसवताना त्याने तो हात जवळून पाहिला होता.

साहेबांनी 'अ'वर खूण केली. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: 'प्लास्टिक शीटची काडी. पृष्ठभाग अतिगुळगुळीत, बोटांना पकड मिळत नाही. मूठ या दृष्टीने नापास.'

"मूठ?" चष्मेवाला म्हणाला.

"मग काय? काडी म्हणजे चष्म्याची मूठच. दिवसातून वीस वेळा धरायची. तुमच्या लोकांनी तिचा तसा विचारच केलेला नाही. सगळं लक्ष नाकाकडे!"

"खरंय साहेब," चष्मेवाला म्हणाला. "शीट सोडा. आपण दुसरं मटेरियल बघू."

इथून पुढे जे झालं त्याला चष्मेवाल्याचं हे एक वाक्य कारण आहे. पण त्याला दोष कसा द्यायचा? 'दुसरं मटेरियल बघू' म्हणणं हा 'तुमचा हात थरथरतो' न म्हणण्याचा सगळ्यांत सभ्य मार्ग होता. आणि एकदा तो मार्ग सापडल्यावर सगळी इमारत त्यावरून चालायला लागली.

"धातू घ्या," ग्रंथपालकाका म्हणाले. त्यांनी सात पुस्तकं उपसली होती. "पूर्वी शिंगाच्या फ्रेमा करत. मग कचकडं आलं. कचकडं पेट घ्यायचं, म्हणजे माणूस वाचता वाचता भडकायचा. धातूचं तसं नाही."

धातूची फ्रेम आली. अकराव्या दिवशी ती कपाटाच्या कोपऱ्यावर पडली आणि नाकावरची जोड उघडली. अर्ज गेला. साहेबांनी लिहिलं: 'धातू. ओल्या बोटांना सुळकन सुटते. नापास.' हा अर्ज परत आला, पण वेगळ्याच कारणाने. सोबत छापील चिठ्ठी होती: 'अर्जावरील दोन सह्या परस्परांशी जुळत नाहीत. कृपया पुन्हा सादर करावा.'

साहेब चिठ्ठी हातात घेऊन खूप वेळ बसले. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. वाटलं, आता कळणार. एका अर्थी कळावं असंही वाटलं. कोणी न सांगता, एखाद्या चिठ्ठीने सांगावं आणि आपण सुटावं. साहेबांनी पेन उचललं, उजेडात धरलं, बोटांमध्ये फिरवलं.

"बघ," ते म्हणाले. "पेनसुद्धा! आजकाल कशालाही पकड देत नाहीत. सही घसरते."

वहिनी बाजारातून रबरी खाचांचं जाडजूड पेन घेऊन आल्या. नव्या अर्जावर दोन सह्या करायला साहेबांना पाऊण तास लागला. आधी त्यांनी कोऱ्या कागदावर चाळीस सह्या केल्या, आणि चाळिसांतल्या एकमेकींना जास्तीत जास्त मिळत्याजुळत्या दोन निवडून, तशा पुन्हा काढल्या. स्वतःचीच सही दुसऱ्या कुणाची गिरवावी तशी गिरवणारा तो वाकलेला माणूस वहिनींना इतका थोर दिसला, की त्यांनी जाऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"काय गं?"

"काही नाही. केस वाढलेत."

तिसरी फ्रेम लाकडी. ही शिकवणीबाईंची सूचना. "लाकडाला आपलेपणा असतो, हात आपोआप धरतो त्याला," असं त्या म्हणाल्या. सोबत त्यांनी चष्म्याला बांधायची दोरीही सुचवली होती, पण ती साहेबांनी जागच्या जागी फेटाळली. "बाई, मूठ दोरीने बांधायची वेळ आली, तर मग मूठ कशाला? दोरीच धरावी!" बाई वरमल्या. लाकूड मात्र साहेबांना आवडलं. लाकूड कानसता येतं. त्यांनी जुनी कानस काढली आणि दोन्ही काड्यांवर बाहेरून बारीक खाचा पाडल्या, प्रत्येकीवर बारा, अर्धा मिलिमीटर खोल. थरथरत्या हाताने अर्धा मिलिमीटर! एकेका खाचेला ते श्वास धरून थांबत, दोन थरथरींमध्ये जो निवांत क्षण येतो तेवढ्यात कानस एकदाच ओढत आणि पुन्हा थांबत. वहिनी हे स्वयंपाकघरातून बघत होत्या. तिकडे चोवीस खाचा पूर्ण झाल्या, इकडे दूध उतू गेलं.

आठवडाभर ती फ्रेम पडली नाही. साहेबांच्या कानांमागे खाचांचे लाल वळ उठले. लांबून बघणाऱ्याला वाटे, रोज कोणीतरी कान पिळून यांना कामाला लावतं. पण चष्मा पडला नाही, आणि साहेब जिन्यात भेटेल त्याला थांबवून "पकड! शेवटी पकड!" असं सांगत सुटले. नवव्या दिवशी फ्रेम गालिच्यावर, म्हणजे ज्यावर पडून काही होऊ नये अशाच ठिकाणी पडली, आणि बरोबर सातव्या खाचेत चिरली.

अर्जावर त्यांनी खाचांची कबुली दिली. 'खाचा मी पाडल्या. संख्या चोवीस. तथापि मूळ फ्रेमेस पकड असती तर खाचा पाडाव्या लागल्या नसत्या, सबब मूळ दोष साहित्याचाच.' चष्मेवाला वाचून म्हणाला, "साहेब, खाचांचं नका लिहू, हमी नाकारतील." साहेब त्याच्याकडे असे बघायला लागले, की त्याने स्वतःच अर्ज पाकिटात घालून पाकीट चिकटवलं.

कंपनीने हमी नाकारली नाही. चौथी फ्रेम टायटॅनियमची पाठवली. "ही तुटत नाही," चष्मेवाला म्हणाला. "गाडीखाली घाला, तुटत नाही."

आणि खरंच तुटली नाही. गॅलरीत उभं राहून काचा पुसताना साहेबांच्या हातून सुटली, दोन मजले खाली गेली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात माल उतरवून निघालेल्या टेम्पोच्या टपावर पडली. ग्रंथपालकाका वरून ओरडले, शिकवणीबाई खालून धावल्या, टेम्पोवाला समजला की आपल्याला रस्ता मोकळा असल्याची खूण करताहेत. त्याने हात दाखवून आभार मानले आणि निघून गेला. तीन दिवसांनी तोच टेम्पोवाला, चष्मा कुणाचा म्हणून विचारत, दारात आला. तीन दिवस चष्मा टपावरच्या ताडपत्रीत अडकून गावोगाव हिंडला होता. एक काडी किंचित वाकली होती, काचांवर चरे होते, बस्स.

साहेबांनी ती फ्रेम दोन्ही हातांत घेतली, आणि वहिनींनी कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडावर तो जुना, कारखान्यातला आनंद पाहिला. "काय माल आहे!" ते पुटपुटले. "काय माल आहे, वा!" टेम्पोवाल्याला त्यांनी चहा पाजला, त्याच्या टेम्पोच्या दाराची मूठ तपासून दिली. आणि मग टेबलाशी बसून लिहिलं: 'धातू उत्कृष्ट. टिकाऊपणात पास. पकडीत नापास.'

या वेळी नुसता अर्ज नव्हता. साहेबांनी चारही फ्रेमांची रीतसर तपासणी केली होती. गरम पाणी, मिठाचं पाणी, तेलाचा हात. अहवाल चौदा पानांचा झाला. शेवटी निष्कर्ष होता: 'चार निरनिराळ्या साहित्यांत एकच दोष आढळला, सबब दोष कंपनीच्या रचनेत आहे. हा माल बाजारात ठेवू नये.'

आठ दिवसांनी वहिनी भाजी घेऊन येत होत्या, तेव्हा चष्मेवाल्याने त्यांना हाक मारली. त्याच्या काचेच्या कपाटांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या.

"हे काय दादा?"

"काही नाही वहिनी. कंपनीने विक्री थांबवलीय थोडी. त्यांची तपासनीस येणार आहे परवा, साहेबांकडे. चौदा पानी अहवाल म्हणजे... त्यांनी मनावर घेतलं. माल खराब आहे असं ठरलं तर सगळा परत जाईल, आणि माझी एजन्सी पण."

वहिनींच्या हातातली पिशवी जड झाली. "तुम्ही सांगितलं का नाही त्यांना? कंपनीला? की हात..."

"मी?" चष्मेवाला काच पुसत राहिला. "माझ्या आईच्या किटलीला साहेबांच्या कारखान्यातली मूठ आहे वहिनी. अठ्ठावीस वर्षं झाली. किटलीचा तळ दोनदा बदलला, मूठ तीच आहे. मी कसं सांगू? एजन्सीचं काय, गेली तर दुसरी बघू. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि हो, तुम्ही डाव्या पायाने लंगडायच्या ना? आज उजवा आहे."

कंपनीची तपासनीसबाई ठरल्या दिवशी बरोबर अकराला आली. तिशीची, केस घट्ट बांधलेले, खांद्यावर चामड्याची बॅग. आल्या आल्या तिने दाराची मूठ धरली, सोडली आणि पुन्हा धरून बघितली. साहेबांनी ते पाहिलं. त्या क्षणापासून त्यांचं तिच्याशी जमलं. तासभर दोघं टेबलाशी बसली होती, ती मोजमापं घ्यायची, साहेब आकडे सांगायचे, कधी ती आधी सांगायची आणि साहेब "बरोब्बर!" म्हणून टेबलावर थाप मारायचे. टेबलावर चार फ्रेमा ओळीने मांडल्या होत्या. बाजूला ग्रंथपालकाका, शिकवणीबाई आणि दुकान बंद ठेवून आलेला चष्मेवाला असे, नातेवाइकाच्या ऑपरेशनला आल्यासारखे बसले होते.

"काका, तुमचा अहवाल मी तीनदा वाचला," ती म्हणाली. "आमच्या प्रयोगशाळेत असं कुणी लिहीत नाही. मी तो जपून ठेवणार आहे."

साहेब लाजले. चक्क लाजले.

"फक्त एक राहिलं. तुम्ही चष्मा रोज कसा काढता, ते एकदा दाखवाल?"

साहेबांनी टायटॅनियमची फ्रेम डोळ्यांवर चढवली. खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं. त्यांनी उजवा हात उचलला, आणि उचलल्याबरोबर तो थरथरायला लागला. नऊ महिन्यांपूर्वी झुळूक होती, आता वारा होता. बोटं काडीपाशी गेली, हुकली, पुन्हा गेली, धरली. चष्मा निघाला, हवेत दोनदा हलला आणि सुटला. गालिच्यावर पडला, म्हणून आवाज झाला नाही.

ग्रंथपालकाका पंख्याकडे बघायला लागले. शिकवणीबाईंना खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं. चष्मेवाल्याने शर्टाच्या टोकाने स्वतःचा चष्मा पुसायला घेतला. तो आधीच इतका स्वच्छ होता की त्यात काचा आहेत की नाहीत अशी शंका यावी. तपासनीसबाईने खाली वाकून फ्रेम उचलली, टेबलावर ठेवली आणि पेनाचं टोपण उघडून अर्जात काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंत?" साहेबांनी विचारलं.

"'कारण निश्चित करता आले नाही.'"

"असं नसतं," साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण खोलीतला प्रत्येक माणूस सावरून बसला. "हे बघा, तुम्ही चांगल्या तपासनीस आहात, म्हणून सांगतो. हा रकाना असा कधी सोडायचा नसतो. कारण असतंच. माल वाईट, जोडणी वाईट, किंवा वापर वाईट. चौथं काही नसतं. निश्चित झालं नसेल तर पुन्हा तपासायचं. झालं असेल तर लिहायचं. सांगा, यातलं कुठलं?"

तपासनीसबाईने वहिनींकडे बघितलं, अगदी एकच क्षण.

"सांगत नाही ना? मग माझं मत नोंदवा. माल नापास. सगळा लॉट परत. द्या इकडे, मी सही करतो."

त्यांनी ते रबरी पेन उचललं.

वहिनी दाराशी उभ्या होत्या. ते पेन कागदाच्या दिशेने जाताना त्यांना दिसलं, आणि टेबलाच्या त्या टोकाला चष्मेवाला दिसला. त्याने मान खाली घातली होती, आणि तो अजूनही काही बोलणार नव्हता. वहिनींच्या मनात आलं, या माणसाने चौतीस वर्षांत एकदाही चुकीचा शिक्का मारला नाही. मालक समोर बसला होता तेव्हा मारला नाही. आणि आता मारतोय, तो माझ्यामुळे. मी अर्धे कप भरले म्हणून. मी "हो ना" म्हटलं म्हणून. त्याच्या हाताला जपता जपता मी त्याच्याकडून नेमकं तेच करून घेतेय, जे त्याने जन्मात केलं नाही.

"थांबा," त्या म्हणाल्या.

साहेबांनी वर बघितलं.

"सही करू नका." वहिनी चालत टेबलापर्यंत आल्या, लंगडायचं त्या विसरल्या होत्या. "माल चांगला आहे. चारही फ्रेमा चांगल्या होत्या. शीटची, धातूची, लाकडाची, ही पण. यांनी चांगलाच माल दिला आपल्याला, दर वेळी." त्यांनी चष्मेवाल्याकडे बोट केलं. मग नवऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "तुमचा हात थरथरतो. नऊ महिने झाले. मला माहीत आहे, इथे सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टर म्हणालेत, दाखवलं तर औषध आहे. मी सांगितलं नाही. चूक माझी आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. उजवा हात टेबलावर उन्हात ठेवला, तळवा वर केला, मग खाली केला. तो हात थरथरत होता आणि ते त्याच्याकडे बघत होते. चेहऱ्यावर ना राग होता ना दुःख. होती ती एक ओळखीची एकाग्रता. मग त्यांनी डोळे मिटले. वहिनींना तो वेळ आख्ख्या नऊ महिन्यांहून लांब वाटला.

डोळे उघडले ते त्यांनी तपासनीसबाईकडे बघत.

"तुम्हाला दिसलं होतं?"

"हो, काका."

"मग लिहिलं का नाही?"

"धीर झाला नाही."

"पुढच्या वेळी होऊ द्या," साहेब म्हणाले. मग ते खुर्ची मागे सारून उठले, चष्मेवाल्यासमोर गेले आणि म्हणाले, "तुमच्या मालाला मी विनाकारण दोष दिला. मला माफ करा." चष्मेवाला नुसता मान हलवत राहिला. साहेब परत येऊन बसले, अर्ज तपासनीसबाईपुढे सरकवला, आणि ज्या आवाजात एके काळी शंभर कामगार ऐकत उभे राहायचे त्या आवाजात म्हणाले:

"तो रकाना खोडा आणि नीट लिहून घ्या. 'माल पास. वापरणाऱ्याचा उजवा हात थरथरतो.' उजवा असं स्पष्ट लिहा. डाव्याची तपासणी अजून व्हायची आहे."